छत्री काढायची की ठेवायची? सेट टॉप बॉक्सऐवजी स्टिक लावण्याचा पूर्ण हिशोब

ज्यांना ऐकायचंय त्यांनी वरचं प्लेचं बटण दाबा. ज्यांच्या इअरफोनची एक बाजू गेलीये किंवा जे एसटीत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" मी बरेचसे काढलेत. सगळे नाही.

गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय. "गावी आईबाबा डीटीएचला महिन्याला तीन-साडेतीनशे भरतात, बघतात फक्त चार चॅनल. मी त्यांना एचडीएमआयवाली स्टिक घेऊन दिली तर डबा बंद करता येईल का?" विचारणारे बहुतेक माझ्यासारखेच आहेत. नोकरी पुण्यात, हिंजवडीत किंवा बंगळुरात, आणि घर मात्र गावात. माझं घर आंबागडला. तुमसर तालुका, भंडारा जिल्हा. गोंड राजा बख्त बुलंद शहाच्या काळातला किल्ला, मागे सातपुड्याचे डोंगर, पुढे धानाची बांधी. त्यामुळे आज सगळी उदाहरणं त्याच घरातली. तुमचं गाव वेगळं असेल, पण हिशोब तसाच लावायचा.

आधी डबा नेमकं काय करतो ते बघू. हे कळलं की पुढचं निम्मं आपोआप कळतं.

विषुववृत्ताच्या वर साधारण ३६,००० किलोमीटरवर उपग्रह असतो. पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी टांगल्यासारखा वाटतो. तो सगळे चॅनल एकदम, सगळ्या देशावर ओततो. तुमच्या घरासाठी वेगळं काहीही पाठवत नाही. छत्री ते गोळा करते, छत्रीच्या तोंडाशी असलेला एलएनबी सिग्नलची फ्रिक्वेन्सी खाली आणून वायरीत सोडतो, आणि डबा त्यातून तुम्ही मागितलेला चॅनल उचलतो. मग रिचार्ज कशाचा? कुलपाचा. सिग्नल कुलूप लावून येतो आणि किल्ली तुमच्या डब्यातल्या कार्डाला दिलेली असते. पॅक संपला की सिग्नल छतावर पडतच असतो, फक्त किल्ली काढून घेतलेली असते. म्हणूनच एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीला चालत नाही, कारण कुलूपच वेगळं. कोणताही डबा कुठेही चालावा अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती. घरोघरी डबे अजून ज्याचे त्याचेच आहेत.

या पद्धतीची एक गंमत सांगतो. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. आंबागडहून बघितलं तर तो आग्नेयेला येतो, आणि जमिनीपासून साधारण ६० अंश वर. म्हणजे डोंगर, झाडं, शेजाऱ्याचा स्लॅब, कोणीच आडवं येत नाही. मोबाईल टॉवरचा सिग्नल मात्र जमिनीला धरून येतो. त्याला डोंगरही आडवा येतो आणि आमच्या जुन्या घराच्या दीड-दोन फूट जाड मातीच्या भिंतीही. अंगणात चार दांड्या, आतल्या खोलीत एक. टीव्ही अर्थातच आतल्या खोलीत.

आता स्टिक. स्टिक म्हणजे टीव्हीच्या एचडीएमआय खाचेत लागणारा छोटा कॉम्प्युटर. फायर टीव्ही स्टिक भारतात २०१७ मध्ये आली. त्याआधीपासून क्रोमकास्ट मिळत होतं, ते बनवणं गूगलने २०२४ मध्ये थांबवलं. तुमचा टीव्ही आधीच स्मार्ट असेल तर स्टिक घेऊच नका, तोच कॉम्प्युटर आत बसलेला आहे. टीव्ही चार-पाच वर्षं जुना होऊन रडतखडत चालत असेल, तेव्हाच वेगळी स्टिक.

फरक इथे आहे. उपग्रह सगळ्यांसाठी एकदाच बोलतो. इंटरनेटवर प्रत्येक घरासाठी वेगळा प्रवाह काढावा लागतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादच्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी स्क्रीन चालू होत्या. प्रत्येक स्क्रीनला समजा सरासरी २ एमबीपीएस धरलं, तर एका क्षणी ११.८ कोटी एमबीपीएस डेटा वाहत असणार. उपग्रहाला पाच घरं काय आणि पाच कोटी काय, सारखाच खर्च. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना त्या दिवशी मॅचपेक्षा सर्व्हरची धाकधूक जास्त होती. (मॅचचं काय झालं ते नको बोलायला.)

हे जमतं कसं? व्हिडिओचे छोटे तुकडे करतात, बहुतेकदा काही सेकंदांचे. प्रत्येक तुकडा चार-सहा वेगवेगळ्या दर्जांत तयार ठेवतात. हे तुकडे देशभर ठेवलेल्या सर्व्हरवर पसरवतात, म्हणजे तुमची मागणी मुंबईच्या किंवा परदेशातल्या एकाच कॉम्प्युटरवर जाऊन आदळत नाही. तुमची स्टिक एकेक तुकडा मागते आणि तो किती वेळात आला ते मोजते. लवकर आला तर पुढचा तुकडा चांगल्या दर्जाचा, उशीर झाला तर धूसर. म्हणून मालिका मध्येच पावसाळी काचेतून बघितल्यासारखी दिसते आणि दोन मिनिटांत पुन्हा साफ होते. बिघाड नाही तो. अडकण्यापेक्षा धूसर बरं, असा तो स्टिकने घेतलेला निर्णय असतो.

याच तुकड्यांमुळे लाइव्ह गोष्ट उशिरा दिसते. तुकडा आधी पूर्ण बनायला हवा, मग सर्व्हरवर जायला हवा, आणि प्लेअर दोन-तीन तुकडे हाताशी जमवल्याशिवाय सुरू करत नाही. वीस ते चाळीस सेकंद सहज जातात. शहरात बंद फ्लॅटमध्ये फरक पडत नाही. गावात पडतो. शेजारच्या ओसरीवर छत्रीचा टीव्ही असेल तर तिकडून आरडाओरडा ऐकू आला की समजायचं, आपल्या स्क्रीनवर बॉलरने अजून रनअप घेतलेला नाही, पण विकेट गेलीये.

आता डेटाचं गणित. इथेच बहुतेक लोक फसतात.

साफ एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस लागतात. तासाला ३,६०० सेकंद, म्हणजे १८,००० मेगाबिट. आठने भागा: २,२५० एमबी, म्हणजे सव्वादोन जीबी. आमच्या घरी टीव्ही दिवसाला पाच तास चालतो. सकाळच्या बातम्या तासभर, बाकी संध्याकाळ. पाच तासांचे सव्वाअकरा जीबी, महिन्याचे साधारण ३४० जीबी. साध्या दर्जावर आणलं तरी तासाला पाऊण-एक जीबी जातोच.

आणि मोबाईलच्या प्लॅनमध्ये रोज मिळतात दीड किंवा दोन जीबी. हॉटस्पॉट लावून एचडीत टीव्ही बघायचा म्हटलं तर एक तासात खेळ खल्लास, त्यानंतर स्पीड ६४ केबीपीएस. त्या स्पीडवर व्हॉट्सॲपचा फोटो उघडत नाही, मालिका दूरच. त्यामुळे पहिला नियम लिहून ठेवा: घरात ब्रॉडबँड नसेल तर डबा बंद करायचा विचार करू नका. फायबर आलं असेल किंवा छतावर अँटेना लावून मिळणारं फाइव्ह-जी एअरफायबर मिळत असेल, तर पुढे वाचा. (एअरफायबर २०२३ मध्ये सुरू झालं. त्याची अँटेना छतावर असते, त्यामुळे जाड भिंतीचा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो.) महिन्याचे ३४० जीबी ब्रॉडबँडच्या बहुतेक प्लॅनमध्ये आरामात बसतात.

ब्रॉडबँड आहे की नाही एवढ्यावरही थांबू नका. जिथे टीव्ही आहे तिथे उभं राहून, रात्री आठ ते नऊच्या मध्ये स्पीड टेस्ट करा. सकाळी अकराला अंगणात केलेल्या टेस्टला काही अर्थ नाही. गावातली सगळी घरं रात्री आठलाच टीव्हीसमोर बसतात. १० एमबीपीएस सलग मिळत असेल तर एका टीव्हीला भरपूर झालं. राउटरचा ५ गीगाहर्ट्झचा वायफाय वेगवान असतो, पण भिंतीला घाबरतो. २.४ वाला हळू, पण भिंत पार करतो. मातीचं घर असेल तर २.४ घ्या, नाहीतर सरळ केबल ओढा.

पैशांचं बघू. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायच्या नव्या दरपद्धतीत तुमचं बिल दोन भागांत मोडतं. एक, नेटवर्कचं भाडं: तेव्हा १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. दोन, पैसे देऊन घ्यायचे चॅनल. नेटवर्कच्या भाड्यावरची ही वरची मर्यादा ट्रायने जुलै २०२४ मध्ये काढून टाकली, आता कंपनी स्वतः ठरवते. पण मुद्दा तोच राहतो की रिचार्जचा बराच भाग चॅनलचा नसून रस्त्याचा असतो. आणि बहुतेक घरांना आपण कोणते चॅनल घेतलेत हेच माहीत नसतं, कारण दुकानदाराने "फॅमिली पॅक" टाकून दिलेला असतो. स्टिकचा विचार करायच्या आधी हे एक काम करा. कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन पॅक उघडा आणि कोणी न बघितलेले चॅनल काढा. पंधरा मिनिटांत बिल शंभरने खाली येऊ शकतं, आणि छतावर चढायचीही गरज नाही.

स्टिकच्या बाजूला काय येतं? ब्रॉडबँडचं भाडं आणि ॲपचं भाडं. मराठी मालिकांचं घर विभागलेलं आहे. झी मराठी हवं तर झी५. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर. सोनी मराठी सोनीलिव्हवर. आई झी मराठी आणि स्टार प्रवाह दोन्ही बघत असेल तर दोन वर्गण्या झाल्या. बातम्या मात्र फुकट, एबीपी माझा वगैरे यूट्यूबवर लाइव्ह असतात. सह्याद्री वाहिनी प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपवर आहे, ते नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत सुरू झालं.

एक बारीक अक्षरातली गोष्ट. मोबाईल रिचार्जबरोबर "फ्री" मिळणारं ॲप बऱ्याचदा फक्त मोबाईलपुरतं असतं. टीव्हीवर उघडलं की ते वरचा प्लॅन घ्यायला सांगतं. "माझ्याकडे तर आहे ना सबस्क्रिप्शन" म्हणून स्टिक मागवणाऱ्यांनी आधी हे तपासा.

माझं मत सरळ सांगतो. फक्त टीव्हीसाठी ब्रॉडबँड घेणार असाल तर परवडत नाही, डबा स्वस्त पडतो. बहिणीचा अभ्यास, तुमचं वर्क फ्रॉम होम, पोरांचे मोबाईल, यासाठी ब्रॉडबँड आधीच येणार असेल तर हिशोब उलटतो, कारण रस्त्याचे पैसे एकदाच भरायचे आहेत.

पैशापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे, आणि ती कोणत्याही युनबॉक्सिंग व्हिडिओत सांगत नाहीत.

डब्याचा रिमोट उचलला, लाल बटण दाबलं, चित्र आलं. आईला चॅनलचे नंबर तोंडपाठ आहेत. तिला नाव वाचावं लागत नाही, बोटांना माहीत आहे. स्टिक लावली की आधी होमस्क्रीन, मग ॲप निवडा, मग "कोण बघतंय?", मग प्रोफाइल, मग शोधा, मग कुठेतरी लाल पट्टी येते, "अपडेट करा". आणि एक दिवस ॲप आपोआप लॉगआउट होतं. ओटीपी कोणाच्या फोनवर जातो? पुण्यातल्या मुलाच्या. मुलगा मीटिंगमध्ये. बाबांनी मला सुरुवातीलाच विचारलं होतं, "काहून रे, आपल्याच घरचा टीव्ही लावासाठी आता तुले फोन कराचा का?" मला वाटतं या सगळ्या विषयातला सर्वात नेमका तांत्रिक प्रश्न तोच आहे. आज त्यांच्या हातात जे आहे, ते आपण "अपग्रेड" म्हणून त्यांच्या हातून काढून घेत नाही ना?

उपाय आहेत, पण ते आपण करून द्यायचे. सगळी खाती बाबांच्या किंवा आईच्या नंबरवर उघडा, ओटीपी घरातच येऊ दे. प्रोफाइल एकच ठेवा. होमस्क्रीनवर लागणारी तीन ॲप पुढे आणा, बाकी काढून टाका. खरेदीवर पिन लावा, नाहीतर चुकून बटण दाबून सिनेमा भाड्याने घेतला जातो. वर्गणीचे पैसे आपोआप कापले जाणार असतील तर आधी किमान २४ तास सूचना येते, हा रिझर्व्ह बँकेचा २०२१ पासूनचा नियम आहे. तो मेसेज वाचायला शिकवा, आणि तो बँकेचा आहे की फसवणुकीचा हे ओळखायलाही. आणि सुट्टीत घरी जाऊन हे सगळं लावून दिल्यावर किमान चार दिवस तिथेच थांबा. तुम्ही रिमोटला हात लावायचा नाही. कुठे अडतं ते नुसतं बघायचं. सॉफ्टवेअरमध्ये याला युजर टेस्टिंग म्हणतात आणि कंपन्या त्यासाठी भरपूर पैसे मोजतात.

आता श्रोत्यांचे प्रश्न, पटापट.

"जुन्या डब्बा टीव्हीला स्टिक लागेल का?" एचडीएमआय खाच नसेल तर थेट नाही. लाल-पांढरी-पिवळी वायर असलेले कन्व्हर्टर मिळतात, पण कॉपी संरक्षणामुळे काही ॲप काळी स्क्रीन दाखवतात आणि अक्षरं वाचता येत नाहीत. त्या पैशात रिचार्ज करा.

"स्टिक सारखी रिस्टार्ट होते." बहुतेकदा वीज कमी पडते. टीव्हीच्या यूएसबी खाचेतून तिला पुरेसा करंट मिळत नाही. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीत लावा.

"हजार रुपयांत मिळणारा बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स, सगळे चॅनल फुकट?" नको. एक तर ते चोरीचे प्रवाह असतात. दुसरं, असे स्वस्त बॉक्स कारखान्यातूनच व्हायरस घेऊन येतात हे बॅडबॉक्स प्रकरणात उघड झालंय, २०२५ मध्ये एफबीआयने त्यावर इशारा दिला. तो बॉक्स तुमच्याच वायफायवर बसतो, ज्यावर बाबा यूपीआय करतात. शिवाय प्रमाणित नसल्यामुळे मोठी ॲप त्यावर एचडी देतच नाहीत, ४८० पीवर अडतात.

"पावसात कोणतं टिकतं?" हा खरा विदर्भाचा प्रश्न. रोवणीच्या दिवसांत मुसळधार आला की छत्रीचा सिग्नल जातो, कारण केयू बँडच्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात. पण पाऊस ओसरला की पाच-दहा मिनिटांत परत येतो, कोणाला बोलवावं लागत नाही. इंटरनेट पावसाने जात नाही, लाइन गेली की जातं, फांदी पडून फायबर तुटली की जातं, आणि मग दुरुस्तीला माणूस येईपर्यंत थांबायचं. राउटरला छोटा यूपीएस लावला तर लाइन जाऊन येताना तो बंद-चालू होत नाही. फायबर तुटण्यावर आपल्या हातात उपाय नाही.

म्हणून मी छत्री उतरवू नका म्हणतो. पैशाचा डबा बंद केला तरी छत्रीला फ्री डिशचा डबा लावता येतो. एकदाच खर्च, मग महिन्याचं काही नाही. २००४ पासून ही सेवा चालू आहे. फक्त छत्रीचं तोंड वळवावं लागतं, कारण बहुतेक खासगी कंपन्यांचे उपग्रह दुसऱ्या जागी आहेत. गावातला डिशवाला अर्ध्या तासात करून देतो. स्टिक एचडीएमआय एकवर, फ्री डिश एव्हीवर, आणि रिमोटच्या सोर्स बटणावर नेलपॉलिशचा ठिपका.

क्रिकेटवाल्यांसाठी यात अजून एक कारण आहे. २००७ च्या कायद्याने भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावे लागतात. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की तो सिग्नल फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचा, इतर केबल किंवा डीटीएचवर नाही. म्हणजे भारताची वनडे फ्री डिशवर फुकट, आणि शेजाऱ्याच्या बरोबरीने दिसते. आयपीएल यात नाही, त्यासाठी ॲपच.

"डबा लगेच बंद करू का?" नाही. एक महिना दोन्ही चालू ठेवा. डीटीएच प्रीपेड असतं, त्यामुळे महिन्यानंतर नुसतं रिचार्ज न केलं तरी भागतं. केबलवाल्याकडे मात्र सांगून बंद करा, आणि डबा भाड्याचा असेल तर परत दिल्याची पावती घ्या. त्या महिन्यात आईबाबांनी संध्याकाळी कोणता रिमोट आधी उचलला, ते त्यांना विचारा. उत्तर डब्याचा आलं तर स्टिक खुशाल सोबत घेऊन या, हॉस्टेलच्या टीव्हीला लागेल.